प्रेस न करता कपडे सरळ कसे ठेवायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गावात शिवणकाम करते. गणवेश, ब्लाउज, परकर शिवायला येणाऱ्या बाया आणि फोनवर मेसेज टाकणारे लोक हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. घरी प्रेस नाही, प्रेस आहे पण लाईन नाही, किंवा लाईन आहे पण वेळ नाही, अशा सगळ्यांसाठी हे आहे. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे परत सांगत बसले नाही. तिथे प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. ताई, प्रेस न करता कपडे खरंच सरळ राहतात का, का उगाच म्हणायचं?

राहतात, पण सगळे नाही. टेरिकॉटचा (म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत मिसळलेला) गणवेश, पॉलिएस्टरची साडी, टी-शर्ट, लेगिंग, जाड सुती कुर्ता, रोजचा परकर यांना नीट धुऊन नीट वाळवलं तर प्रेस लागतच नाही. पातळ सुती शर्ट आणि खादी बऱ्यापैकी सरळ होतात, चारचौघांत वावरण्याइतपत. लिननला मात्र काहीही करा, तासाभरात चुण्या पडतातच. आणि पँटीला सुरीसारखी धार पाहिजे असेल, तर त्याला प्रेसच लागते.

पैशाचं म्हणाल तर बचत फार मोठी नाही. १००० वॅटची प्रेस सलग तासभर तापली तर एक युनिट जळतं. खरी बचत ही, की सकाळी लाईन गेली म्हणून पोरगं चुरगळलेल्या शर्टात शाळेत जात नाही.

२. कपड्याले सुरकुती पडतेच काऊन?

सुती धागा म्हणजे सेल्युलोज. त्याच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना नाजूक बंधांनी धरून असतात. पाणी शिरलं की हे बंध सुटतात आणि साखळ्या जागच्या हलतात. पाणी उडून गेलं की त्या जिथे असतील तिथेच नवे बंध जुळतात. आपल्या काळ्या रानात ओलीत पाय पडला की तो ठसा वाळून टणक होतो आणि वखर फिरेपर्यंत हलत नाही, तसंच हे. कपडा पिळलेल्या अवस्थेत वाळला तर पीळच पक्का होतो.

प्रेस तरी दुसरं काय करते? ओल, उष्णता आणि वजन देऊन ते बंध सोडवते आणि कापड सपाट असताना पुन्हा बसवते. म्हणजे ओला कपडा हातात आहे तोवर अर्धी प्रेस फुकटात होऊ शकते. खाली जे जे सांगितलं आहे ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

पॉलिएस्टरचा स्वभाव उलटा. ते पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे ओलीने त्याला फारसा फरक पडत नाही. त्याला भीती उष्णतेची. साधारण ७०-८० अंशांना ते मऊ पडतं आणि त्या अवस्थेत जी घडी पडेल ती थंड झाल्यावर तशीच राहते. म्हणून टेरिकॉटच्या कपड्यावर उकळतं पाणी ओतून तो पिळू नका. तशी पडलेली सुरकुती कधी कधी प्रेसनेही जात नाही.

३. मग कपडे पिळायचेच नाहीत का? निथळत ठेवले तर वाळतील कधी?

पिळायचे नाहीत, दाबायचे. आपल्याकडे पीळ म्हणजे मेहनतीची खूण. दोरीवरच्या कपड्यातून थेंब गळाला की धुणारीने हात चोरला असं सासू म्हणते. पण सगळ्यांत खोल सुरकुत्या पडतात त्या याच पिळात, बाहीपाशी आणि पाठीवर.

असं करा. शेवटच्या पाण्यातून शर्ट काढला की त्याची साधी घडी करा, धुण्याच्या दगडावर किंवा पालथ्या घमेल्यावर ठेवा आणि दोन्ही तळव्यांनी दाबा. घडी उलटा, परत दाबा. बरंचसं पाणी इथेच जातं. घाई असेल तर कोरडा पंचा किंवा जुना दुपट्टा पसरा, त्यावर शर्ट सपाट ठेवा, बाह्या आत घ्या, दोन्ही मिळून गुंडाळी करा आणि गुडघ्याने दाबा. पंचा ओला होईल, शर्ट आंबटओला उरेल. पंचा खुशाल पिळा, त्याला कुठे लग्नाला जायचं आहे.

मग झटका. शर्ट खांद्याच्या दोन्ही शिवणींना धरा आणि खाली एकदा जोरात झटका, फट्ट असा आवाज आला पाहिजे. तसं दोन-तीनदा. नंतर उलटा करून घेराला धरून झटका.

शेवटचं काम बहुतेक जणी सोडून देतात, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत मोलाचं आहे: शिवणी ओढायच्या. कापड आणि शिवणीचा दोरा सारखे आकसत नाहीत, म्हणून चुण्या शिवणीपासून सुरू होतात. बाजूची शिवण वरून आणि खालून धरून हलकेच ताणा. बटनपट्टी, खिशाचं तोंड, बाहीची कफ, कॉलरचं टोक, सगळं ओलं असतानाच दोन बोटांत धरून सरळ करा. शिवण सरळ बसली की मधलं कापड आपोआप बसतं. एका शर्टाला एक-दीड मिनिट लागतं, जास्त नाही.

४. दोरीवर टाकायची काही पद्धत आहे का? मी तर फेकून देते.

आहे. शर्ट आणि कुर्ता हँगरवर, वरचं आणि मधलं बटन लावून. हँगर नसेल तर हातभर बांबूची कामटी घ्या, तिला चिंध्या गुंडाळा, मधोमध सुतळी बांधा. कामटी गुळगुळीत करून घ्या, नाहीतर तिची फास (बारीक कुसळ) बाहीत धागा ओढते. शर्ट सरळ दोरीवर टाकायचाच असेल तर घेर वर ठेवून उलटा टाका, म्हणजे चिमट्याचे ठसे खोचायच्या भागावर पडतात, खांद्यावर नाही.

पँट उलटी टांगा. दोन्ही पायांच्या शिवणी एकावर एक जुळवा, मोहरीला चिमटे लावा, कंबर खाली. कंबरेचा, खिशांचा आणि चेनचा भार ओल्या कापडाला खाली ओढतो आणि पाय सरळ वाळतात.

टी-शर्ट आणि स्वेटर हँगरवर नको, खांद्याला कान फुटतात. टी-शर्ट काखेपाशी दोरीवर दुमडून टाका. स्वेटर बाजेवर चादर पसरून आडवा वाळवा.

दोरी नायलॉनची असो की तार, ताणलेली हवी. झोळ पडला की सगळे कपडे मधोमध घसरून एकमेकांवर चुरगळतात. तारेवर गंजाचे डाग पडतात, म्हणून तिच्यावरून आधी ओलं फडकं फिरवा.

५. उन्हाळ्यात कपडे पापडासारखे कडक होतात. उन्हात टाकायचे की नाही?

मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, वर्ध्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि हवेत ओल नावाला नसते. सुती कपडा अर्ध्या तासात वाळतो आणि जसा असेल तसा कडक बसतो. दुपारच्या उन्हात टाकूच नका. सकाळी आठाच्या आत किंवा दिवस कलल्यावर टाका, नाहीतर दिवसभर पडवीच्या सावलीत. रंगीत कपडा उलटा करून टाका, रंग कमी उडतो.

आणि पूर्ण वाळायची वाट पाहू नका. हाताला थंड लागतो पण ओल दिसत नाही, तो आंबटओला क्षण पकडा. तेव्हा काढून घडी घातली आणि वजनाखाली ठेवली (प्रश्न ८) तर प्रेस केल्यासारखा निघतो. उशीर होऊन कडक झालाच, तर पाण्याचा हबका मारून गुंडाळून ठेवा आणि अर्ध्या तासाने झटकून पुन्हा टांगा.

६. पावसाळ्यात कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत आणि वास मारतात. त्यात सुरकुत्या कुठे पाहू?

वासाचं आधी पाहा. ओलसर कपड्यात जंतू वाढतात, त्यातून तो कुबट वास येतो. पावसाळ्यात कमी कपडे, पण रोज धुवा. ढीग साठवून एकदम धुतला तर दोरी पुरत नाही. कपड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा. पंखा असेल तर तो कपड्यांच्या अंगावर नाही, कडेने वाहील असा ठेवा. चुलीच्या वर टांगू नका, धूर बसतो आणि पांढऱ्याचं पिवळं होतं. चुलीच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीपाशी टांगलं तर ऊब मिळते आणि धूर लागत नाही.

सुरकुतीच्या दृष्टीने पावसाळा तसा बरा. कपडा हळू वाळतो, स्वतःच्या भाराने सरळ होत राहतो. मात्र प्रश्न ३ मधला पंचाचा दाब इथे चुकवू नका, वाळायचा निम्मा वेळ तोच वाचवतो.

७. पोराचा गणवेश एकच आहे. संध्याकाळी धुऊन सकाळी पाह्यजे. काय करू?

शाळेतून आल्याबरोबर, अंधार पडायच्या आत धुवा. पूर्ण शर्ट घासायची गरज नाही. कॉलर, कफ, काख आणि डाग घासा, बाकी नुसता साबणाच्या पाण्यात दाबून काढा. मग पंचात गुंडाळून दाबा, शिवणी ओढा, हँगरवर घरातल्या उंच खुंटीला लावा. गणवेश टेरिकॉटचा असेल तर पावसाळ्यातही बहुतेक सकाळपर्यंत वाळतो. पुरता सुती असेल तर खिसा आणि कंबरपट्टी ओली राहते. खिसा बाहेर काढून ठेवा.

सकाळी ओल उरलीच तर गरम तव्यावर कपडा टाकू नका. कोणी कोणी टाकतात, आणि मग पॉलिएस्टर वितळून चिकटलेला गणवेश माझ्याकडे ठिगळाला येतो.

८. गादीखाली ठेवल्याने खरंच प्रेस होते का? आमच्या बाबाची पँट तर तशीच असते.

होते, तुमच्या बाबांना बरोबर माहीत आहे. रात्रभराचं वजन आणि अंगाची ऊब, दोन्ही मिळतं. कपडा आंबटओला हवा. पुरता कोरडा असेल तर नुसती घडी पक्की होते, सुरकुती जात नाही. पुरता ओला असेल तर कापसाची गादी ओल धरते आणि कपडा कुबट होतो.

पँटीच्या चारही शिवणी जुळवा, खिसे रिकामे करा, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ठेवा आणि गादीखाली सपाट सरकवा. झोपणाऱ्याच्या पाठीखाली, पायाशी नाही. भार तिथे असतो.

एक अडचण बाजेची. बाजेवर नुसती गोधडी असेल तर सुतळीची जाळी कपड्यावर उमटते, सकाळी पँटीवर चौकटी दिसतात. बाजेवर आधी फळी किंवा जाड पुठ्ठा टाका, मग कपडा, मग गोधडी. फळी नसेल तर कपडा दोन गोधड्यांच्या मधे ठेवा. लोखंडी पेटीखाली, धान्याच्या कट्ट्याखाली (पोत्याखाली) ठेवलं तरी चालतं, फक्त खाली-वर स्वच्छ कापड असू द्या. धान्याजवळ उंदीर येतात, तेवढं लक्षात ठेवा.

९. आजी सांगते की पयले तांब्यात निखारे टाकून प्रेस करत. आता करता येते का?

येते. पितळेचा सपाट बुडाचा तांब्या घ्या, बूड चिंच लावून लख्ख घासा, पुसून कोरडं करा. पण निखाऱ्यांपेक्षा मी उकळत्या पाण्याच्या बाजूने आहे. पाणी शंभर अंशांच्या पुढे तापत नाही, त्यामुळे सुती कपडा जळायची भीती नाही. ठिणगी उडून भोक पडत नाही. राख सांडत नाही. स्टीलच्या गंजातही (उभ्या पातेल्यात) पाणी भरून करता येतं, पण पितळ जाड असतं, ऊब जास्त वेळ धरतं.

कपडा आंबटओला करा, जमिनीवर घोंगडी आणि तिच्यावर चादर पसरा. तांब्या अर्ध्याहून थोडा जास्त भरा, गळा फडक्याने घट्ट धरा, आणि दाब देत एकाच दिशेने सरकवा. मागे-पुढे घासलं तर नवी सुरकुती पडते. पाणी निवलं की बदला. टेरिकॉट आणि रेशमावर मधे सुती रुमाल ठेवा.

निखारेच वापरायचे असतील तर बाभळीचे धगधगीत, धूर गेलेले घ्या, आणि अंगणात करा. बंद खोलीत निखाऱ्यांचा वायू जिवावर बेततो. लहान पोरं जवळ नकोत.

१०. सकाळी बस आहे, शर्ट चुरगळला आहे, लाईन नाही. दहा मिनिटांत काय होईल?

शर्ट हँगरला लावून दाराच्या कडीला अडकवा. फवाऱ्याच्या बाटलीने, ती नसेल तर हाताने, बारीक पाणी शिंपडा; भिजवायचा नाही, नुसता दमट करायचा. एका हाताने घेर खाली ताणून धरा, दुसऱ्या ओल्या तळहाताने वरून खाली पुसत या. समोरचा भाग, कॉलर आणि बाह्या एवढंच करा, पाठ बसमध्ये चुरगळणारच आहे. वारा लागेल तिथे ठेवा. उन्हाळ्यात दहा मिनिटांत वाळतो. पावसाळ्यात वाळणार नाही. तेव्हा दुसरा शर्ट काढा.

फवाऱ्याची बाटली म्हणजे नवी, साध्या पाण्याची. फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली किंवा शेतातला पंप धुऊनसुद्धा यासाठी वापरायचा नाही.

११. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे. कपडे धुतले की गोणपाटावानी होतात.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबणाच्या वडीशी त्याचा राखाडी साका होतो आणि तो धाग्यांत अडकतो. अशा पाण्याला वडीपेक्षा डिटर्जंट पावडर बरी. दुसरी गोष्ट खारं पाणी. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पाण्यातलं मीठच कपड्यात वाळतं. ते हवेतली ओल खेचतं, कपडा आधी कडक आणि पावसात चिकट होतो.

उपाय एकच धड आहे: शेवटचं पाणी गोडं. सगळं धुणं नाही, फक्त शेवटचा खळखळा. नळाचं किंवा पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं पाणी (पहिला पाऊस सोडून) अर्धी बादली पुरते. आधी गणवेश, मग साड्या, मग बाकी, त्याच पाण्यात. साका बसलेल्या पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या बादलीत अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस टाकला तर मऊपणा येतो. रंगीताला नको.

१२. मांड घातला की कपडा सरळ राहतो का?

अर्धं खरं. मांड कापडाला ताठ करतो, त्यामुळे सपाट वाळलेला कपडा सपाट राहतो. पण चुण्या असताना वाळला तर चुण्याही ताठ होतात, मग तांब्याशिवाय (प्रश्न ९) सुटका नाही. म्हणून पातळ मांड. घट्ट मांड दोनदा गाळून घ्या, एक वाटी मांडाला अर्धी बादली पाणी. कपडा उलटा करून बुडवा, दाबून काढा, ताणून वाळवा.

झाडीपट्टीत, भंडारा-गोंदियाकडे, रोज भात, तर मांड फुकट. वऱ्हाडात भाकरीच्या घरी साबुदाण्याची किंवा आरारूटची खळ करतात, तीही अशीच पातळ. टेरिकॉटला मांड फारसा धरत नाही. पावसाळ्यात मांड घालूच नका, बुरशी येते. पेटीत वर्षभर ठेवायच्या कपड्यातूनही मांड धुऊन काढा, झुरळं आणि कसर त्याच्यावरच येतात.

१३. सुती साडी एकटीने कशी वाळवू? नऊवारी तर आवरतच नाही.

दोघी असाल तर सोपं: चार टोकं धरा, मागे सरका, ताणा, दोनदा झटका, काठ काठाला जुळवून घडी घाला आणि तशीच दोरीवर टाका. काठाकडे लक्ष द्या. तो जास्त आकसतो, म्हणून काठ वेगळा ओढावा लागतो.

एकटीने करायचं तर साडी बादलीतच लांबीने चार पदरी करून दाबा, एक टोक दाराच्या खिट्टीला बांधा आणि दुसरं धरून ताणत चालत जा. नऊवारीला आठ-नऊ मीटर जागा लागते, त्यामुळे हे अंगणातच. मग दोरीवर टाकून काठ ओढा. आंबटओली झाली की गुळगुळीत काठीला गुंडाळून ठेवा. दुसऱ्या दिवशी नेसताना निऱ्या छान बसतात.

१४. खादीचं काय? धुतली की चोळामोळा होते.

वर्ध्याच्या बाजूचे लोक हा प्रश्न हटकून विचारतात. गांधीजी १९३६ ला सेवाग्रामला राहायला आले, तेव्हापासून त्या भागात खादी घरात आहे. हातसुताचा पीळ सारखा नसतो, जाड-बारीक धागे वेगवेगळे आकसतात, म्हणून ती जास्त चुरगळते. प्रश्न ३ आणि ८ एकापाठोपाठ करा, पुष्कळ फरक पडतो. चार-पाच धुण्यांनंतर खादी मऊ पडते आणि चुण्याही मवाळ होतात. थोडी चुणी राहिली तर राहू द्या, खादीला ती शोभते. पॉलिएस्टरला शोभत नाही.

१५. टसरची करवती साडी आहे, आईची. तिला पाणी मारून सरळ करू का?

नका करू. टसर म्हणजे रानरेशीम. त्याच्यावर पाण्याचे थेंब पडले की त्या जागी डाग दिसतो आणि तो पूर्ण साडी ओली केल्याशिवाय जात नाही. करवतीचं आणखी एक: अंग टसरचं आणि काठ सुती. धुतली की दोन्ही सारखे आकसत नाहीत, काठाला घोळ येतो. घरी धुऊच नका.

घडीची सुरकुती पडली असेल तर सुती चादरीवर सावलीत पसरा, वरून दुसरी सुती चादर टाका आणि रात्रभर राहू द्या. पावसाळ्यातली हवाच पुरेशी दमट असते. पुढे मऊ सुती कापडात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला. एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवलेलं रेशीम तिथेच चिरतं.

१६. दुकानदार म्हणतो हा शर्ट ‘रिंकल-फ्री’ आहे. खरं असते का?

बहुतेक वेळा खरं असतं. प्रश्न २ मध्ये सांगितलेल्या साखळ्यांना रसायनाने आडवे टाके घालतात, म्हणजे पाणी शिरलं तरी त्या सरकत नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्सच्या प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत यावर मोठं काम केलं. तेव्हा नायलॉन-पॉलिएस्टर कापसाचा बाजार खात होतं आणि प्रेस नको ही त्यांची मोठी जमेची बाजू होती. कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलखाने हे नाव माहीत ठेवायला हरकत नाही.

पण आडव्या टाक्यांनी कापड जरा ठिसूळ होतं. कॉलर आणि कफ लवकर झिजतात. ब्लीच लावू नका, उकळू नका, आणि नवा शर्ट एकदा धुऊनच घाला, कारण त्या रसायनात फॉर्मल्डिहाइड असू शकतं आणि काहींच्या अंगाला खाज सुटते.

१७. सेमी-ऑटोमॅटिक मशीन घेतली, तरी कपडे जास्तच चुरगळतात.

सुकवायच्या टबात जास्त वेळ फिरवता म्हणून. शर्ट-साड्यांना एक मिनिट पुष्कळ झालं, चादरी-टॉवेलला हवं तितकं फिरवा. टब ठासून भरू नका. थांबला की लगेच काढा. लाईन गेली आणि कपडे आतच दबून राहिले तर पुन्हा पाण्यातून काढून झटकणं हाच मार्ग. रेयॉनची कुर्ती मशीनमध्ये नकोच, ओलं रेयॉन फार कमजोर असतं.

१८. एसटीने जायचं आहे, बॅगेत कपडे कसे ठेवू?

घडीऐवजी गुंडाळी. बटनं लावा, शर्ट पालथा ठेवा, बाह्या पाठीवर घ्या, खालच्या टोकाला पंचाची गुंडाळी ठेवून तिच्याभोवती सैल गुंडाळत वर या. मधे जाडी असली की टोकदार घडी पडत नाही. डबा आणि चपला खाली, कपडे वर. पोचल्याबरोबर टांगा. बॅग सीटवर ठेवून तिला टेकून झोपलात तर मला विचारू नका.

१९. बाकी शर्ट सरळ होतो, कॉलर तेवढी वळते.

आतला बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं आतलं कापड, आकसला आहे. धुतल्यावर कॉलर उलगडून लांबीने ओढा, मग घडी बसवून वरचं बटन लावा आणि तसाच वाळवा. बकरममध्ये फुगे आले असतील तर ते घरी जात नाहीत, कॉलर उलटवून शिवून घ्या. हे काम बहुतेक टेलर करून देतात.

२०. कापड घेताना, शिवायला टाकताना काही पाहायचं का?

मूठभर कापड मुठीत दहा आकडे मोजेपर्यंत आवळा आणि सोडा. चुणी राहिली तर घरी गेल्यावरही राहणार. बारीक छापाची चुणी दिसत नाही, सपाट गडद रंगाची लांबून दिसते. सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवा, म्हणजे शिवल्यानंतर शिवणीशी भांडत नाही. आणि अंगाला फार घट्ट शिवू नका. घट्ट ब्लाउजला काखेत चुण्या पडतात, त्या धुण्याने नाही, मापाने जातात.

२१. फवारणीचे कपडेही गादीखाली ठेवून सरळ करता येतात का?

अजिबात नाही. त्यांना सरळ करायचंच नाही. वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, लगेच धुवा, घरच्या कपड्यांच्या दोरीपासून लांब उन्हात वाळवा आणि गोठ्याच्या खुंटीलाच ठेवा. झटकूही नका.

२२. लग्नासाठी ब्लेझर आणला आहे, पेटीत चुरगळला. पाणी मारू का गादीखाली ठेवू?

दोन्ही नको. बहुतेक ब्लेझरच्या छातीत आतून एक थर गोंदाने चिकटवलेला असतो. पाणी मारलं की तो सुटू शकतो आणि फुगे येतात. गादीखाली ठेवला तर खांद्यातली भर चपटी होते. त्याला फक्त वाफ चालते.

न्हाणीघराचं दार बंद करा, चुलीवरचं कढत पाणी दोन बादल्या आत ठेवा, आणि ब्लेझर जाड हँगरवर उंच टांगा, भिंतीला लागू देऊ नका. पंधरा मिनिटांनी बाहेर काढून हाताने खाली खाली पुसा, बाहीत पंचाची गुंडाळी घालून बाही ओढा आणि पुरता कोरडा होईपर्यंत घालू नका. एवढ्याने नाही गेलं तर सरळ परटाकडे द्या, आणि लग्नसराईत द्यायचा असेल तर आदल्या दिवशी नाही, चार दिवस आधी. ब्लेझर भाड्याचा असेल तर दुकानातच उजेडात उघडून पाहा. छातीवरचा फुगा आधीचा असला तर तिथेच दाखवा, नाहीतर परत करताना तो तुमच्या नावावर लागतो.